कांचनचा जड हात

नागापूरच्या एमआयडीसीत कांचन लोखंडी भागांच्या खरबरीत कडा कानशीनं घासायचं काम करायची. हात जड पडला तरच माल पास व्हायचा. तोच हात ती रोज सकाळी आपल्या चार वर्षांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या दातांवर चालवायची. पोरीच्या दाढा किडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी हलक्या हातानं ब्रश फिरवायला सांगितलं होतं, पण हलक्या हातानं कधी काही निघतं, हे कांचनला पटतच नव्हतं.

कीड हटेना, तशी ती आणखी जोर लावी. पोरीची मान काखेत दाबायची, गाल चिमटीत धरायची. हिरड्यांतून रक्त यायचं. संस्कृती तोंड घट्ट मिटून घ्यायची आणि कांचन ओरडायची, "आ कर. तुज्याच भल्यासाठी करते ना मी?" मग कामावर जाताना वाटभर तिला स्वतःचीच चीड यायची. दुसरं काही सुचायचंही नाही.

एका सकाळी ती पार हरली. मोरीच्या कडेला मटकन बसली आणि ब्रश पोरीच्या हातात देऊन म्हणाली, "मला न्हाई जमत बाई. तूच घास आता माजे."

संस्कृती उठली. तिनं आईची मान गच्च धरली, गाल चिमटीत पकडला आणि सगळा जीव एकवटून ब्रश रेटला. हिरडी सोलवटली. कांचन कळवळून मागं सरली, तशी पोर दरडावून म्हणाली, "आ कर. तुज्याच भल्यासाठी करते ना मी?"

कांचननं निमूटपणे आ केला.