ओढायची राहिलेली दोन पानं

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो पोरासाठी. पोरगा त्याच्यावर शिकला, नोकरी धरून परदेशी गेला आणि डबडं मागं राहिलं. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवून म्हातारा झालेला माणूस, शाळा चौथीपर्यंत. मी म्हणालो, विकून टाकू. बायको म्हणाली, "त्याची वस्तू आहे, राहू दे."

ती रोज त्याची खुर्ची पुसायची. पुसता पुसता बसायला लागली. जाण्याआधी पोरानं तिला त्यातले पत्ते शिकवले होते, एकट्यानं लावायचे. सगळी पानं लागली की ती पडद्यावर उड्या मारत खाली सांडायची, आणि ही लहान पोरीसारखी हसायची. मलाही बरं वाटलं. पोरगा गेल्यापासून ती हसलीच नव्हती.

मग ती खुर्चीतून उठेनाशी झाली. "अगं, चहा?" म्हटलं की, "हा शेवटचा डाव." भात करपला, दूध उतू गेलं. रविवारी पोराचा फोन यायचा, तर कानाला रिसीव्हर आणि डोळे पडद्याकडं. ज्याच्या आठवणीनं तिथं बसली, त्याचंच बोलणं तिला ऐकू येईना. माझं तोंड मुळातच फाटकं. "त्या डबड्याशीच संसार कर!" असं ओरडायचो. ती म्हणायची, "ते निदान ओरडत तरी नाही."

चैत्रात तिचं हळदीकुंकू असायचं. सोसायटीतल्या बायका तिच्या हातच्या आंबेडाळीची वाट बघायच्या. त्या वर्षीही दारोदार जाऊन बोलावणं तिनंच केलं. सकाळी म्हणाली, "एवढा डाव झाला की डाळ भिजत घालते."

संध्याकाळी बेल वाजली. दार मी उघडलं. बायका नटूनथटून उभ्या, आणि ही पोराच्या खुर्चीत, केस न विंचरलेले, हात माऊसवर. गौर झोपाळ्यात बसवलेली नाही. डाळ डब्यात कोरडी, कैऱ्या पिशवीत.

शेजारीण म्हणाली, "काकू, डाळ काय कॉम्प्युटरमध्ये वाटताय?"

सगळ्या हसल्या. हीपण हसली. मग कुंकवाचा करंडा शोधायला लागली, आणि तो समोर असून तिला दिसेना. शेवटी हातावर साखर ठेवून तिनं बायकांना वाटेला लावलं.

दार लावल्यावर कितीतरी वेळ ती ओट्याशी उभी होती. म्हणाली, "अहो, मला काहीतरी झालंय. मी मनात ठरवते, आता उठायचं. आणि उठतच नाही."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढं धरला.

"घर खायला उठतं हो," ती म्हणाली. "तिथं बसलं की काही आठवत नाही. तोसुद्धा नाही."

त्याच दिवशी तिनं आपली एक जुनी साडी आणली आणि त्या डबड्यावर टाकली. लगेच सुटलं असं नाही. कपड्यांच्या घड्या घालायला बसली की तिचं बोट मांडीवर टकटक चालायचं. एकदा मी दळण घेऊन आलो, तर साडी बाजूला आणि ही खेळतेय. ओरडायला तोंड उघडलं, पण तिनं चोरासारखं माझ्याकडं बघितलं आणि माझंच तोंड मिटलं. पिठाचा डबा तसाच ठेवून वाण्याकडं गेलो, पत्त्यांचा कॅट आणला आणि तिच्यासमोर आदळला.

"खेळायचंच आहे तर माणसाशी खेळ."

"तुमच्याशी? तुम्ही हरलात की पानं फेकता."

"फेकीन. तू उचल."

रोज दिवेलागण झाली की आम्ही सात-आठ खेळायला बसायला लागलो. दोघांचाच खेळ. एकानं सात हात करायचे, दुसऱ्यानं आठ. ज्याचे कमी पडतील, त्याच्या पानांतली तेवढी पानं दुसऱ्यानं पुढच्या डावाला ओढायची. ती ओढायला बसली की दयामाया नाही. "एक्का लपवलाय, कळतंय तोंडावरून," म्हणायची आणि बरोबर तोच ओढायची. पत्ते पिसताना पोराचं बोलायची. तो पडला कधी, रुसला कधी. पोरगा गेल्यावर त्याच्याबद्दल आम्ही दोघं असं पहिल्यांदाच बोलत होतो. रविवारी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. म्हणायची, "जेवलास का रे? काय जेवलास, ते सांग."

बोटाची टकटक कधी थांबली, ते कळलंच नाही. साडी पुन्हा हलली नाही.

पुढं एका दिवाळीनंतरची संध्याकाळ. माझे दोन हात कमी पडले आणि मी पानं फेकली. ती एकेक गोळा करत म्हणाली, "फेका, फेका. उद्या दोन ओढते. आज छाती जड वाटतेय, पडते जरा."

सकाळी ती उठली नाही.

पोरगा आला, पण अग्नी द्यायला पोचला नाही. दिवस झाल्यावर मला म्हणाला, "बाबा, एकट्याला वेळ जात नसेल. कॉम्प्युटरवरचे पत्ते शिकवू?" मी नको म्हणालो. जाताना त्यानं ते डबडं कुणाला तरी दिलं. साडी मी ठेवून घेतली.

कॅट अजून आहे. एखाद्या संध्याकाळी दोन वाटे करतो. तिची पानं तिच्या जागी पालथी ठेवतो. माझी हातात पसरून धरतो, पानांची पाठ तिच्या बाजूला करून, आणि बसून राहतो. आधी तिनं ओढायचंय.