राख्यांची ओपन डिलिव्हरी

क्लेमच्या धंद्यात पैसा कमी जमतो, किस्से फार. लोक निवृत्त झाले की पेन्शन घेऊन बसतात. माझ्याकडे नुसत्या हरवलेल्या मालाच्या गोष्टी. ऐकणारे हसतात. हसा बापडे. मला अजून राग येतो.

पंच्याऐंशीच्या आसपास मी धुळ्यात आबांच्या ऑफिसात कारकून होतो. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक टाइपरायटर आणि आबा. व्यापारी ट्रान्सपोर्टने माल पाठवायचे, वाटेत तो गहाळ व्हायचा, आणि भरपाईसाठी कंपनीशी भांडायचं काम आमचं, मिळालेल्या पैशांवर कमिशन घेऊन.

त्या वर्षी शिंदखेड्याहून शांताअक्का आल्या. नऊ बायांकडून घरी राख्या करून घ्यायच्या आणि सुरतेच्या दुकानदाराला विकायच्या, असा त्यांचा व्यवसाय. सहा खोकी, सहा हजार राख्या धुळ्याच्या ट्रान्सपोर्टने सुरतेसाठी बुक केलेल्या. सुरतेला पोचल्याच नाहीत, आणि राखीपौर्णिमा होऊन गेली. बायांची मजुरी त्याच पैशांतून द्यायची होती.

"नऊ बाया मनी वाट दखी ऱ्हायन्यात, आबा," अक्का म्हणाल्या. वाट बघताहेत म्हणजे काय, रोज सकाळी अक्कांच्या ओट्यावर येऊन बसत होत्या. नुसत्या बसायच्या.

०

आबांनी पहिला प्रश्न नेहमीचाच विचारला, "बिल्टीवर किंमत खरी टाकली का?"

बिल्टी म्हणजे माल बुक केल्याची पावती. तो प्रश्न का, ते सांगतो. एका शेठने मिरचीची पोती पाठवली आणि जकात वाचवायला बिल्टीवर लिहिलं 'भुसा'. पोती गेली. कंपनीने अगदी इमानदारीत भरपाई दिली, भुशाची! शेठ आमच्यावरच चिडला. आबा म्हणाले, "शेठ, भुसा तुम्ही पाठवला, मिरच्या आम्हाला का लागाव्यात?"

अक्कांनी मात्र किंमत पैशासकट खरी लिहिली होती. एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं. आबा खूश झाले. "हा क्लेम कोणाच्या बापाला नाकारता येणार नाही," म्हणाले.

आबांनी भाकीत केलं की ते हमखास उलटायचं.

०

क्लेम पाठवला. महिन्याने कंपनीच्या जळगावच्या क्लेम विभागाचं उत्तर आलं. चार ओळींचं, खाली शिक्का. 'सदर माल गहाळ झाल्याची खात्री करण्यासाठी सदर माल तपासणीस हजर करावा.'

मी ते तीनदा वाचलं. मग आबांना दिलं. आबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि मला म्हणाले, "जळगावला जा. ज्याने हे लिहिलंय त्याचं तोंड बघून ये."

०

तोंड बघायला चार खेपा लागल्या. एसटीने धुळे-जळगाव, आणि तिथे टेबलामागे एक टक्कल पडलेले गृहस्थ. "मॅनेजर साहेब धुळ्याला गेलेत." मी परत धुळ्याला. तिथल्या शाखेत विचारलं तर, "साहेब जळगावला असतात." असं तीनदा.

चौथ्या वेळी मी तिथे बसलेला असताना हमाल आत आला आणि त्या टकल्यालाच म्हणाला, "साहेब, चहा सांगू?"

साहेब जराही लाजले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्ताच आलो धुळ्याहून."

०

त्याच खेपेला मी अर्ज लिहायला जागा शोधत होतो. कोपऱ्यात तिथल्या कारकुनाने सहा खोकी रचून त्याचं टेबल केलं होतं. वर क्लेमच्या फायली. सगळ्यात वर आमचीच तीन पत्रं.

कागद ठेवता ठेवता खोक्यावरचं मार्किंग दिसलं. शिंदखेडा ते सुरत.

सुरतेला निघालेला माल उलटा जळगावला येऊन पडला होता, आणि त्याच्याच छातीवर पत्रं ठेवून आम्हाला विचारत होते, माल कुठे आहे! मी ओरडलो. कारकून म्हणाला, "हळू बोला, फायली पडतील."

०

मॅनेजर उलट आनंदले. "चला, सापडला ना माल? क्लेम रद्द. उशिराची जबाबदारी कंपनीवर नाही, बिल्टीच्या मागे छापलंय. आठ दिवसांत सोडवा, नाहीतर गोडाऊन भाडं लागेल."

मी म्हटलं, "साहेब, पौर्णिमा गेली. आता ह्या राख्या कोण घेणार?"

"पुढच्या वर्षी येईलच की पौर्णिमा."

असा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, आणि नंतरही फार नाही.

०

आबा म्हणाले, सही करून माल नुसता उचलू नका, ओपन डिलिव्हरी मागा. म्हणजे कंपनीच्या माणसासमोर खोकं फोडायचं, माल मोजायचा आणि जे कमी भरेल ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं.

अक्का एकट्या आल्या नाहीत. नऊच्या नऊ बाया घेऊन आल्या, एसटीचं तिकीट जिचं तिने काढून. जळगावच्या गोडाऊनमध्ये फतकल मारून बसल्या. मॅनेजर म्हणाले, "अहो बाई, वजन करून टाकू."

"बठ्ठा मोजाना शे," अक्का म्हणाल्या, म्हणजे सगळाच मोजायचा. "एकेक."

शंभर झाल्या की मॅनेजरची सही. शेवटच्या ढिगाची धरून साठ सह्या. खोक्यांना ओल लागली होती, राख्यांवरची जर काळी पडली होती, स्पंज हाताला चिकटत होता. एक म्हातारी बाई स्वतःच्या हातची राखी ओळखून बाजूला धरायची आणि मग ढिगात टाकायची. मी म्हटलं, "साहेब, माल खराब झालाय ते लिहा." त्यांनी फॉर्म दाखवला. फॉर्मवर फक्त नग लिहायची जागा होती.

संध्याकाळपर्यंत मोजणी झाली. सात राख्या कमी भरल्या.

सात राख्यांचा क्लेम मात्र कंपनीने महिन्याभरात मंजूर केला. तीस पैसे दराने दोन रुपये दहा पैसे. अकाउंट पेयी चेक, दोन अधिकाऱ्यांच्या सह्या.

अक्का चेक घ्यायला शिंदखेड्याहून आल्या. आबांनी चेक पुढे केला, पण मान वर करेनात. अक्कांनी तो दोन्ही हातांनी धरला, आकडा वाचला, आणि परत टेबलावर आबांच्या समोर ठेवला.

"आबा, आधी तुमनं कमिशन काढी ल्या," त्या म्हणाल्या. "मंग उरीन ते नऊ जणीस्ले वाटी दिसू."