वर्तमानपत्र, साबण आणि परवीन सिस्टरांची पदवी

परवीन सिस्टरांच्या नावापुढे आज जी पदवी लागते, तिचा अर्धा अभ्यास महाडात एका पडद्याआड झाला आणि अर्धा कशेडी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत. पडद्याआडच्या भागात काहीतरी भानगड आहे असं लोकांना वाटत होतं. वाडीतला भाग सोपा जाईल असं सिस्टरांना वाटत होतं. दोन्ही अंदाज चुकले.

सिस्टर पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात होत्या. शिक्षण डिप्लोमा, अनुभव भरपूर, आणि इच्छा एकच: नर्सिंगच्या शाळेत शिकवायचं. ही इच्छा त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की इंजेक्शन देताना सुई तिरकी का धरायची हे त्या शेजारच्या शिकाऊ मुलीला सविस्तर सांगत. रुग्णाला या अध्यापनाचा त्रास होई, कारण स्पष्टीकरण संपेपर्यंत सुई आतच असे.

शिकवायला पदवी लागते. पदवीला कॉलेज लागतं आणि कॉलेजला नोकरी सोडावी लागते. नोकरी सोडून शिकणं फक्त नोकरी नसलेल्यांनाच परवडतं. अशात एका मुक्त विद्यापीठाने नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी इंटरनेटवरून पदवी काढली. धडे कॉम्प्युटरवर वाचायचे, उत्तरं कॉम्प्युटरवरून पाठवायची, प्रात्यक्षिकांना रजा टाकून मुंबईला जायचं. अट एकच, ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची. मुदत टळली की सगळं वाया. दोन हजार चार सालची ही गोष्ट. सिस्टरांनी नाव घातलं तेव्हा त्यांना कॉम्प्युटर चालू कुठून करतात हे माहीत नव्हतं.

ते अरफातने दाखवलं. महाडच्या बाजारात त्याचं सायबर कॅफे होतं आणि ते चालत होतं आखाती देशांवर. कुवेत-दुबईला गेलेल्यांच्या बायका तिथे येत, फळ्या ठोकून केलेल्या छोट्या खोपटात बसून पडदा ओढत आणि नवऱ्याचं तुटक हलणारं तोंड बघत. पडद्याआडून रडणं ऐकू येई, कधी भांडण, कधी नुसतंच ‘आवाज येतोय का? येतोय का आवाज?’

सिस्टरही आठवड्याच्या सुट्टीला येऊन एका खोपटात बसू लागल्या. पण त्यांचा नवरा जुल्फिकार कुवेतला नव्हता. तो महाडातच टेंपो चालवायचा आणि सगळ्या बाजाराला ते माहीत होतं. मग ही पडद्याआड बघते कुणाला?

प्रश्न जुल्फिकारच्या कानावर आला. त्याने चौकशी केली नाही, खुलासाही केला नाही. पुढच्या खेपेपासून तोच स्टूल घेऊन बायकोशेजारी बसू लागला. धडे ती मोठ्याने वाचायची, हा घोरायचा. पण झोपेतही कानात काही शिरत असावं, कारण पुढे तो मित्रांना मधुमेह समजावून सांगू लागला. स्वतःचा चहा मात्र गोडच प्यायचा.

असं करत सिस्टर शेवटच्या वर्षाला पोचल्या. मुदतीतलंही शेवटचंच सत्र उरलं होतं. विषय होता समाजातली शुश्रूषा. एक निरोगी कुटुंब निवडायचं, काही महिने त्यांच्या घरी जात राहायचं, निरीक्षण करायचं, सल्ला द्यायचा आणि शेवटी अहवाल पाठवायचा.

सिस्टरांनी कशेडीखालच्या वाडीतलं गणू आणि सोनाबाईचं घर निवडलं. गणूची थोडी शेती, मुलगा मुरारी ट्रकवर ड्रायव्हर, घर नीटनेटकं, आजार म्हणावा असा कुणाला नाही. सोनाबाईच्या दोन्ही बाळंतपणांत सिस्टर हजर होत्या असं ती सांगायची. तारखा जुळत नव्हत्या, पण माया खरी होती.

“या की बाई,” ती म्हणाली. “आमचं घर बघून तुमी पास व्हनार असाल तर रोज या.”

सिस्टर गेल्या आणि पुस्तकाप्रमाणे वागल्या. पुस्तकात असं होतं: घरात शिरल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरावं, त्यावर आपली बॅग ठेवावी. आपल्या साबणाने हात धुवावेत. मग काम. निघताना परत हात धुवावेत, वर्तमानपत्र घडी घालून न्यावं. जंतू इकडून तिकडे जाऊ नयेत म्हणून ही रीत. रुग्णालयात याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वाडीतल्या ओट्यांवरून मात्र सगळं दिसतं.

वाडीला दिसलं ते असं: बाई पुन्हा पुन्हा एकाच घरी जाते. ह्या घरच्या सारवलेल्या जमिनीला बॅग टेकवत नाही. जाताना साबण लावून हात धुते. आणि घरातला पोरगा ट्रकवर असतो.

त्या वर्षांत हायवेच्या कडेने एड्सचे पत्र्याचे फलक लावलेले होते आणि ट्रकवाल्यांना कुठली बिमारी होते हे त्यांवर चित्रांसकट लिहिलेलं होतं. वाडीने उरलेला हिशेब स्वतः केला.

शेजारची चंपाबाई पाणवठ्यावर सिस्टरांना आडवी आली. “बाई, आपल्यात ऱ्हाऊ द्या. मुराऱ्याला ती बिमारी हाय ना?”

इथे ‘नाही’ म्हणणं सोपं होतं आणि खरंही होतं. पण सिस्टरांची नोकरीभरची सवय आड आली. आज एकाबद्दल ‘नाही’ म्हटलं, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसू त्याला ‘आहे’ असा त्याचा अर्थ होतो, आणि गप्प बसावं लागेल अशी माणसं तालुक्यात होती. त्या म्हणाल्या, “चंपाबाई, मी कुणाच्या घरचं कुणाला सांगत नाही. तुमचंसुद्धा नाही.”

उत्तर निर्दोष होतं. दिवस मावळायच्या आत ते वाडीभर झालं: “बाईंनी नाय म्हटलं नाय!”

मुरारीचं लग्न ठरलं होतं. मुलीचा बाप धोंडू बिरवाडीला कारखान्यात कामाला, तिथेच चाळीत भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याचा निरोप आला, ‘जरा थांबूया.’ सोयरिकीच्या भाषेत याचा अर्थ काय होतो ते सोनाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या खेपेला ती दारातच उभी राहिली. “बाई, तुमी येऊ नका आता. तुमचा राग नाय. पन तुमी आलात की लोकं मोजतात.”

“सोनाबाई, मुरारी धडधाकट आहे.”

“ते मला म्हायती हाय. तुमाला म्हायती हाय. तिसऱ्या कुनाला सांगताव का?”

सोनाबाईने दार लावलं. हळूच लावलं, याचं सिस्टरांना जास्त लागलं.

त्यांनी अरफातकडे जाऊन विद्यापीठाला विचारलं, कुटुंब बदलू का? उत्तर नम्र होतं: नवे कुटुंब पुढील सत्रात घेता येईल. सिस्टरांना पुढचं सत्र नव्हतं.

रुग्णालयात नव्याने आलेली दीप्ती नावाची नर्स म्हणाली, “मॅडम, एवढं काय! राहिलेल्या भेटी घरी बसून लिहून टाका. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी तेच केलं. माझ्या कुटुंबातला आजोबा तर मी अहवालातच मारला.”

“भेटी लिहीन गं,” सिस्टर म्हणाल्या. “पण सोनाबाईला सून कुठून लिहून देऊ?”

घरी त्यांनी हे जुल्फिकारला सांगितलं. तो टेंपो धूत होता. म्हणाला, “एकाच दारात टेंपो लागला तर लोक विचारतात काय उतरवलं. दारोदार थांबत गेला तर म्हणतात, भाजीवाला आला.”

“मी भाजीवाली आहे का?”

“नाहीस ना. म्हणूनच तर विचारतात.”

पुढच्या सुट्टीला सिस्टर वाडीच्या पहिल्या घरापासून सुरू झाल्या. वर्तमानपत्र पसरलं, बॅग ठेवली, हात धुतले, नाडी, वजन, डोळ्यांची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघणं, हात धुतले, घडी. दुसरं घर. चंपाबाईच्या घरी तर जरा जास्तच वेळ बसल्या. ती कासावीस होऊन दाराकडे बघत होती.

“बाई, माज्याकडं एवढा येळ कशापाय?”

“तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय. पण हे मी कुणाला सांगणार नाही.”

“सांगा की! सगळ्यांना सांगा,” चंपाबाई घाईने म्हणाली, “परेशरच हाय म्हनून सांगा!”

जुल्फिकार घरची वर्तमानपत्रं संपल्यावर बाजारातून रद्दी आणू लागला. मधल्या एका सुट्टीला त्याने टेंपो बिरवाडीकडे वळवला, आणि धोंडूच्या चाळीतल्या सगळ्या खोल्या झाल्या. धोंडूच्या खोलीतही वर्तमानपत्र पसरलं गेलं. शेजारी दारात उभे राहून बघत होते.

“आमच्याकडं कशाला, सिस्टर?” धोंडू कानकोंडा होऊन म्हणाला.

“मी सगळ्यांकडेच जाते.” मग सिस्टरांनी आवाज खाली आणला. “तुमच्या मुलीचं रक्त जरा कमी आहे, पालेभाजी वाढवा. काळजीचं काही नाही. पण बाहेर काय बोलतील ते माझ्या हातात नाही.”

धोंडूने दाराकडे पाहिलं, मग वर्तमानपत्राकडे. म्हणाला, “असं होय.”

मुलीला काय झालंय, असं चाळीने दुसऱ्याच दिवशी विचारलं. आता दोन्ही घरं सारखीच संशयित झाली होती. सोयरीक जुळायला एवढी बरोबरी पुरते. धोंडू स्वतः वाडीत आला, गणूच्या ओट्यावर बसून चहा प्यायला आणि तारीख धरून गेला. सोनाबाईचं दार उघडलं. राहिलेल्या भेटी झाल्या, आणि मुदत संपता संपता अरफातच्या कॅफेतून अहवाल गेला. वीज दोनदा जाऊनही गेला.

निकालाच्या दिवशी पान इतकं सावकाश उघडत होतं, की जुल्फिकारची एक झोप झाली. सिस्टर पास झाल्या होत्या. सर्वांत कमी गुण समाजशुश्रूषेत होते, शेजारी शेरा होता: ‘एक कुटुंब अपेक्षित होते. विद्यार्थिनी विषयापासून भरकटली आहे.’

“फेल नाही ना?” जुल्फिकारने विचारलं.

“भरकटले, पण पास आहे.”

“मग चल. लग्नाला उशीर होईल.”

सोनाबाईने आमंत्रणासोबत विनंती केली होती, पांढरी साडी नको आणि बॅग तर नकोच. सिस्टर मोरपंखी साडी नेसून गेल्या. मांडवात निम्म्या लोकांनी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी आहेराचा डबा पुढे केला तशी सोनाबाई म्हणाली, “थांबा गो बाई,” आणि लगबगीने आत गेली. येताना तिच्या हातात जुनं वर्तमानपत्र होतं. तिने ते सगळ्यांदेखत जमिनीवर पसरलं, हाताने सुरकुत्या काढल्या आणि म्हणाली, “हां, आता ठेवा.”

सिस्टरांनी डबा त्यावर ठेवला. चंपाबाईने तांब्यातून त्यांच्या हातावर पाणी घातलं. साबण नव्हता. सिस्टरांच्या ते लक्षात आलं, तरी त्यांनी तसेच हात धुतले.