मीरिमला कोण सांगणार

बुरमाकान एजे वर्गात शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. काराजार गावच्या शाळेत तिच्याकडून कान पिळून घेतलेले बाप्ये आज आपली पोरं सोडायला येतात, तेव्हा फाटकाशी ती दिसली की सिगारेट पाठीमागे लपवतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक राजधानीत बिश्केकला नांदते, घरी तिचं ऐकून घ्यायला एक म्हातारं गाढव तेवढं उरलंय. म्हणून सगळा दारूगोळा शाळेत उडतो, असं गावातले टवाळ म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्याकडे शाळेतल्या बाईंना एजे म्हणतात आणि मास्तरांना अगाय. शिकवणाऱ्यांखेरीज शाळेत आणखी एक जागा असते, मुलांच्या अडीअडचणी बघणाऱ्या माणसाची. पगार नावाला आणि कटकटी गावभरच्या. ती जागा कुणालाच नको होती. मुख्याध्यापक मामासादिक अगाय सभेत म्हणाले, "बुरमाकान एजे, तसंही तुम्ही सगळ्यांच्या घरात नाक खुपसताच. आता सरकारी खुपसा." सगळे हसले, आणि ती जागा बुरमाकानच्या गळ्यात पडली.

मग वसंतात डोंगर आला. पहाटे, बर्फ वितळून भिजलेली अख्खी उतरण खालच्या आळीवर बसली. त्यात घरं गेली, गोठे गेले, माणसं गेली. उरलेल्यांना शाळेमागच्या मैदानात पत्र्याची डबाघरं मिळाली आणि थोड्याच दिवसांत मुलं पुन्हा वर्गात येऊन बसली. बसली म्हणजे नुसती बसली. पाऊस सुरू झाला की कुणी बाकाखाली शिरायचं, कुणी चड्डीत करायचं.

शहरातून एक शिकलेली पोरगी आली. मुलांना चित्रं काढू द्या, श्वास घ्यायला शिकवा, असं तिने शिक्षकांना सांगितलं. "श्वास येतोच की त्यांना," बुरमाकान फणकारली, "नाहीतर शाळेत कशाला आली असती?" पण ऐकलं तिने सगळं. पुढच्या पावसात तिने शाळेतला मोठा समोवार, चहाचा बंब, वर्गात आणवला, प्रत्येकाच्या हातात वाफाळता चहा दिला आणि ओरडली, "फुंका! निवेपर्यंत फुंका! भाजली जीभ तर माझ्याकडे रडत यायचं नाही!" मुलं फुंकत राहिली आणि फुंकता फुंकता त्यांचे खांदे खाली आले. दुसरी गोष्ट तिने कुणाला न विचारता केली. सगळे बाक फिरवून डोंगराकडच्या खिडकीसमोर लावले. मामासादिक अगाय धावत आले. "फळा पाठीमागे आणि डोंगर पुढे? ही काय शाळा झाली?"

"पाठीमागे डोंगर असला की पोरं दर मिनिटाला मान वळवतात," ती म्हणाली. "समोर असला की बघतात, जागच्या जागी आहे ना, आणि गणित करतात. फळ्याचं काय, मी उचलून नेते खिडकीखाली."

फळा तिने खरंच नेला. पण मीरिमपुढे तिचं काही चाललं नाही.

मीरिम तिसरीतली. डोंगर आला तेव्हा ती आणि तिची आई व्हेनेरा घरात होत्या. माणसांनी खणून काढलं तेव्हा मीरिम जिवंत होती. तिला ओश शहरातल्या दवाखान्यात नेलं, आणि ती तिथे असतानाच इकडे व्हेनेराला माती दिली. पोरगी परत आली तेव्हा आजीने, सोनुनबुबूने, तिला सांगितलं, आई दवाखान्यात आहे, दुसऱ्या, मोठ्या. बरी व्हायला वेळ लागेल.

आता आमच्याकडे मरणाची बातमी कुणी कुणाच्या तोंडावर फेकत नाही. ती सांगायची रीत आहे. जाणती माणसं गोळा होतात, ज्याला सांगायचं त्याला मध्ये बसवतात, दोन्हीकडून दंड धरायला घट्ट काळजाची माणसं बसतात. मग एखादा पांढऱ्या दाढीचा म्हातारा लांबून सुरुवात करतो, की डोंगर झिजतात, नद्या आटतात, खानसुद्धा गेले. आणि मग नाव घेतो. नाव घेतलं की सगळे एकदम रडतात, म्हणजे ऐकणारा एकटा पडत नाही. रीत चांगली आहे, शहाण्यांनी घातलेली आहे. पण चालवणारेच वेडे निघाले तर रीत बिचारी काय करील?

झालं असं की मीरिमचा बाप झारिल रशियात बांधकामावर. त्याने फोनवर रडत शब्द घेतला, "मी आल्याशिवाय माझ्या पोरीला सांगू नका." पण त्याची कागदपत्रं मुकादमाकडे अडकलेली. आज निघतो, उद्या निघतो करता करता डोंगरावरचं गवत हिरवं होऊन पिवळं पडायला आलं. तोवर अख्ख्या गावाने तोंडाला कुलूप लावलं. मामासादिक अगायनी शिक्षकांना दम दिला, शिक्षकांनी वर्गाला. एवढीएवढीशी पोरं मीरिम आली की गप्प व्हायची. तिच्याशी कुणी खेळेना, कारण खेळता खेळता तोंडून निघालं तर?

सगळ्यात हाल सोनुनबुबूचे. सुनेसाठी काळा रुमाल बांधून, गळा काढून शोक गायचा, तर म्हातारीने काळा रुमाल पेटीच्या तळाशी घातला आणि डोक्याला फुलाफुलांचा बांधला. रडू आलं की शेजारच्या मेंढवाड्यात शिरायची, तोंडात बाही कोंबून रडायची, तोंड धुऊन परत यायची. संध्याकाळी बंद फोन कानाला लावून म्हणायची, "हो गं व्हेनेरा, जेवते हो तुझी लेक." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आणि लेक तर जेवत नव्हती. शाळेतला पाव दप्तरात ठेवायची. कुणी बळंच घास भरवला तर ओठ घट्ट मिटायची. चित्र काढ म्हटलं की कागद कोरा परत द्यायची. एका सकाळी मैदानावर रांगेतच ती कोसळली.

बुरमाकानने तिला उचलून आपल्या खोलीत आणलं. हातात काही वजनच लागलं नाही. असंच चाललं तर ही पोर हिवाळा बघत नाही, हे तिला लख्ख दिसलं. तिने चहा केला, पावाला साय लावली आणि रोजचंच खोटं पुन्हा रेटलं.

"खा गं बाई. नाही खाल्लंस तर तुझी आई आल्यावर माझी बिनपाण्याने करील."

मीरिमने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

"एजे," ती हळूच म्हणाली, "तुम्हालापण कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

"आई गेली ते."

बुरमाकानच्या हातातली सुरी ताटलीवर पडली. मीरिम पटकन तिच्याजवळ सरकली आणि तिने बाईचा दंड दोन्ही हातांनी धरला. "पडाल का तुम्ही? तुम्हाला धरायला कुणीच नव्हतं. मी असं सांगायला नको होतं. चुकलं माझं."

"नाही पडत," बुरमाकान कशीबशी म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

"मी होते ना तिच्याजवळ आत. आधी ती बोलत होती. मग म्हणाली, गाणं म्हण. मी म्हणत होते. मग तिचा हात गार झाला. तरी मी म्हणत होते. माणसं आली तेव्हा मी म्हटलं, आधी तिला काढा. त्यांनी ऐकलं नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस, माझे बाई?"

"आजीला माहीत नाही ना. तिचा रुमाल बघा. माहीत असतं तर काळा नसता बांधला? कुणीतरी बाई आईचं सोंग घेऊन तिला रोज फोन करते. आजी खुळी, तिला खरंच वाटतं." मीरिमचा आवाज आणखी खाली गेला. "मी कशी सांगणार? सांगतात ते म्हातारे लोक. आणि मी रडले तर तिला कळेल. जेवायला तोंड उघडलं की रडू बाहेर येतं, म्हणून मी उघडत नाही."

बुरमाकान एजे उठली ती थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. त्या दिवशी तिचा आवाज फाटकापर्यंत नाही, पार नदीपर्यंत गेला म्हणतात. "कोंबडं झाकून ठेवलंत सगळ्यांनी मिळून! आणि पहाट कधीची झालीये त्या पोरीसाठी! मातीतच झाली!"

"झारिलला शब्द दिलाय आपण," मामासादिक अगाय चाचरले. "रीत मोडायची का?"

"रीत तुम्ही मोडलीत, इतके महिने. मी ती पाळायला चाललेय."

तिथून ती डबाघरात गेली. सोनुनबुबू पीठ मळत होती. मीरिमने जे सांगितलं ते बुरमाकानने तसंच्या तसं सांगितलं, फोनवरच्या सोंगाड्या बाईसकट. म्हातारीचे पिठाचे हात तसेच हवेत.

"म्हणजे मी तिला सांभाळत नव्हते," ती शेवटी म्हणाली. "ती मला सांभाळत होती?"

"हो, आपा."

"माझ्या ओंजळीएवढी पोरगी..."

झारिलला फोन लावला. त्याच्या मागे यंत्रांचा आवाज येत होता. "सांगा, एजे," तो म्हणाला. "फक्त फोन चालू राहू द्या."

दुसऱ्या दिवशी तुरदुबाय आजोबा आले. गावातल्या बऱ्याच मरणांची बातमी त्यांच्याच तोंडून गेलेली. बायका आल्या, पुरुष दाराशी टेकले. मीरिमला मध्ये बसवायचं, बुरमाकानने एकीकडून धरायचं आणि थोरल्या चुलतीने दुसरीकडून, असं ठरलं होतं. पण मीरिम शाळेतून आली, जमलेली माणसं पाहिली, आजोबांची पांढरी दाढी पाहिली, आणि तिला काय ते कळलं. म्हणजे, उलटं कळलं. ती तडक आजीला खेटून बसली, तिचा दंड धरला आणि आजोबांकडे बघून मान हलवली. करा सुरू.

तुरदुबाय आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी बुरमाकानकडे पाहिलं. बुरमाकानने सोनुनबुबूकडे.

तेव्हा सोनुनबुबू बोलली. "सांगा, मला सांगा. मलाही कुठे कुणी सांगितलं होतं? मी तर तिला मातीत माझ्याच हातांनी शोधलं."

आजोबांनी सांगितलं. डोंगर झिजतात, नद्या आटतात. तुझी सून व्हेनेरा, सोन्यासारखी, गेली. आणि म्हातारीने फुलांचा रुमाल ओढून काढला आणि मेंढवाड्यात गिळलेला सगळा शोक तिथे ओतला. बायका रडल्या, फोनमधून झारिलचं रडणं येत होतं. मीरिम आजीच्या पाठीवरून हात फिरवत होती, मोठ्या माणसांसारखं म्हणत होती, "धीर धर. धीर धर, आजी. मी आहे ना." तिचे डोळे कोरडे ठक्क.

सोनुनबुबूने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आजोबा, माझ्या पोरीला कोण सांगणार?"

"मला माहीत आहे, आजी," मीरिम घाईने म्हणाली.

"माहीत असलं तरी सांगावं लागतं, बाळा," तुरदुबाय आजोबा म्हणाले. बुरमाकान तिच्या एका बाजूला येऊन बसली, चुलती दुसऱ्या. आजोबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, काही न गाळता, मोठ्या माणसाला सांगतात तसं. मीरिम, झारिलच्या लेकी, तुझी आई व्हेनेरा गेली.

मीरिमने सगळ्यांकडे पाहिलं आणि मग बुरमाकानकडे.

"एजे, आता रडले तर चालेल?"

"रड, माझे राणी. रड."

मीरिमने डोळे गच्च मिटले. कपाळाला आठ्या घातल्या, ओठ उघडले, छाती भरून श्वास घेतला. सगळ्या बायका वाट बघत होत्या. बराच वेळ गेला. मग तिने डोळे उघडले आणि घाबरून, चोरी पकडल्यासारखं म्हणाली, "येतच नाहीये."

बुरमाकानला ओरडावंसं वाटलं, झारिलवर, मामासादिकवर, डोंगरावर, स्वतःवर. ती ओरडली नाही. तिने पोरीचा दंड सोडला आणि तिला मांडीवर ओढून घेतलं.

"नसू दे येत," ती म्हणाली. "येईल तेव्हा येईल. मी कुठे जात नाही."