सासूबाईंचा रिकामा हँगर

आमच्या सासूबाई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला. मालक दुसरं दुकान काढणार होता. म्हणाला, "दहावी पास झालात तर ते तुम्हीच सांभाळा." बाकीचे विषय सुटले, पण गणिताने बाईंना दोनदा धोबीपछाड दिली.

तिसऱ्या खेपेला शिकवणी माझ्या गळ्यात पडली. मी शाळेत गणित शिकवते आणि माझा पारा चढायला वेळ लागत नाही. नवरा मध्ये पडला नाही. शहाणा!

गाडी एकाच ठिकाणी अडायची. बारा एक्स वर्ग अधिक सहा एक्स, अवयव पाडा. सहा एक्स सामाईक, हे त्या चटकन ओळखायच्या. तो बाहेर काढायच्या, कंसात दोन एक्स लिहायच्या आणि कंस बंद.

"आई, अधिक एक कुठाय?"

"कुठला एक? अख्खा सहा एक्स बाहेर काढला ना? मग आत काय उरणार, कपाळ?"

"परत गुणून बघा. दुसरं पद गायब होतंय!"

"मग बाहेर काढायला सांगतेसच कशाला?"

रोज हेच. एकदा मी पेन्सिल आपटली. "हात टेकले तुमच्यापुढे!"

त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं उभ्याने काम केलं गं. एकदा गल्ल्यामागच्या खुर्चीत बसायचंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुकानात गेले, नवऱ्याचा कोट आणायचं निमित्त करून. सासूबाईंनी कोट उतरवला, माझ्या हातात दिला, रिकामा हँगर दांड्यावर अडकवला आणि तशाच थांबल्या.

"अगं बाई! कोट गेला तरी हँगर राहतोच की! नाहीतर परत टांगणार कशावर?" आणि भर दुकानात ओरडल्या, "तोच तुझा एक, सूनबाई!"

गिऱ्हाइकं बघत राहिली. मी कोटासकट त्यांना मिठी मारली.

परीक्षेच्या दिवशी मी फाटकाबाहेर नखं खात उभी. पेपर सुटला आणि सासूबाई लांबूनच दिसल्या, डोक्यावर हात धरलेला आणि तर्जनी हँगरच्या आकड्यासारखी वाकवलेली. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही केलं.

आता त्या नव्या दुकानात खुर्चीत बसतात, ऐटीत. मागच्या दांड्यावर पहिला हँगर कायम रिकामा. परवा नवरा त्यावर आपलं जाकीट टांगायला गेला.

"ए, हात लावू नकोस!" सासूबाई कडाडल्या. "त्याच्यावर मी पास झालेय!"