दुलीचंदभाऊंची तिसरी गोळी

माझ्या हातात नेम नाही, हे मला वर्गात खडू फेकून मारायच्या काळापासून माहीत आहे. शेवटच्या बाकावरच्या गप्पिष्टासाठी फेकलेला खडू पहिल्या बाकावरच्या गरिबाला लागायचा. तरी तिरोड्याच्या घरामागच्या आंब्यावरून दोरी टाकायला मी स्वतःच दगड घेऊन उभी राहिले, आणि शेजाऱ्यांची दोन कौलं फुटली.

मी संध्या, शाळेत विज्ञान शिकवते. सत्तेचाळिसाव्या वर्षी हौशी रेडिओचा परवाना काढला. दुसऱ्या खेपेला पास झाले, तेही सांगून टाकते. हौशी रेडिओ म्हणजे टॉवर नाही, रिचार्ज नाही. आपला रेडिओ, आपली तार, आणि हजार किलोमीटरवर बसलेला अनोळखी माणूस. रेडिओ दुकानात मिळतो. पण वीस मीटर लांब तार दोन उंच झाडांमध्ये आडवी टांगावी लागते, आणि झाडावर दोरी चढवायची कशी ते परीक्षेत कोणी विचारत नाही.

म्हणून आठवडी बाजारात मासोळ्या विकणाऱ्या दुलीचंदभाऊंकडे मी तंगूस मागायला गेले. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. बारीक, पण माणसाचं बोट कापेल इतकी चिवट. दुलीचंदभाऊ बोदलकशाच्या तलावावर मासे धरणारे ढिवर, साठी ओलांडलेले. त्या दिवशी डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"कोनत्या मासोळीले पायजे?" त्यांनी विचारलं.

"मासोळीला नाही हो. झाडावर चढवायची आहे."

त्यांनी तराजू खाली ठेवला. "मासोळ्या आता झाडावर राहून राहिल्या का जी, मॅडम?"

आजूबाजूचे हसले. मला राग आला, पण गरज माझी होती. मासे गुंडाळायच्या कागदावर मी दोन झाडं, मधली तार आणि तिच्यातून खाली येणारी केबल काढून दाखवली. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

"दगडानं नाई होत हे," ते म्हणाले. "गुलेल पायजे. तंगुसाले जाळ्याचं शिसं बांधाचं न् फांदीवरून पार काढाचं. मंग तंगुसाच्या मागं सुतळी, सुतळीच्या मागं तार."

मी थक्क झाले. तीन पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते या माणसानं मासोळ्यांवरच्या माश्या हाकता हाकता सांगितलं होतं. "गुलेल आहे तुमच्याकडे?"

"हाये," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "होती म्हना. रविवारी या बोदलकशाले. रेडिओ न् तार घेऊनच या, माह्या घरापाशी झाडं उंच हायेत."

रविवारी सकाळी साडेसहाला मी पोचले. रविवारी देशभरातले हौशी लोक रेडिओलहरींच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर गप्पांना जमतात आणि नऊला उठून जातात. आज माझा पहिला आवाज जाणार होता. तीन दिवस मी आरशासमोर माझं कॉल-साइन, म्हणजे परवान्यावर मिळालेलं रेडिओवरचं नाव, म्हणत होते. घरच्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

दुलीचंदभाऊंचं घर तलावाला लागूनच. त्यांचा भाचा चंद्रकुमार, तिशीतला बाप्या, दाराच्या चिंचेवर चढून तारेचं एक टोक बांधून मोकळाही झाला. दुसरं झाड हवं होतं. घरामागं ऐनाची छान उंच झाडं होती, पण मी तिकडं बोट करताच त्यांच्या बायकोनं, अनुसयाबाईंनी, माझा हातच खाली केला.

"त्यायले हात नाई लावाचा. आठ दिवसानं किडे चढतेत."

मग चहा देताना त्यांनी सगळं सांगितलं. ऐनाच्या पाल्यावर कोशाचे किडे पाळायचे, त्यांनी कोष केले की तेच रानातलं रेशीम. पण किडा म्हणजे कावळ्याच्या ताटातला लाडू. दिवसभर झाडाखाली उभं राहून मातीच्या गोळ्या मारून कावळे उडवावे लागतात, तेही चाळीस चाळीस दिवस. दुलीचंदभाऊंनी बत्तीस वर्षं ही राखण केली. दोन वर्षांपासून उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, नेम चुकायला लागला, आणि मागच्या हंगामात अर्धे किडे कावळ्यांनी नेले. आता सरकारी शिबिरात डोळा करून आणला होता.

"मंग आता दिसतं ना?" मी विचारलं. त्यांच्या घरात बसून माझ्याही तोंडात 'मंग' आलं.

"दिसते. पन गुलेलले हात नाई लावला अजून." अनुसयाबाईंनी गुलेल टांगलेल्या खुंटीकडे पाहिलं. "कावळा लय हुशार, बाई. एकदा त्याले समजलं का याचा नेम गेला, मंग तो हालतच नाई, पूरा हंगाम. म्हनून कावळ्यावर अजमावून पाहात नाई हे. आज झाडावर पाहाचं म्हनते. नाई जमलं तं ऐन चंद्रकुमारले देऊन टाकाचे. मीच म्हटलं तसं. बुढ्यानं किती दिवस मान वर करून उभं राहाचं?"

मी कप खाली ठेवला. मी आले होते तार टांगायला, आणि इथं एका माणसाची बत्तीस वर्षं माझ्या तारेला लटकली होती.

समोर, तलावाचं पाणी जमिनीत आत शिरलं होतं त्याच्या पलीकडे, काठावर कहूचं, म्हणजे अर्जुनाचं, झाड उभं होतं. पांढरं, गुळगुळीत, वर आग्या मोहोळ. चढायचं नावच नको. काठावर झुडपं इतकी दाट की गुलेल ओढायला कोपर हलवता येऊ नये. म्हणजे पाण्यातूनच नेम धरायचा. आम्ही डोंग्यात बसलो. चंद्रकुमार वल्ह्यावर, मी मधे, दुलीचंदभाऊ पुढं. मी कौतुकानं माझी नवी कोरी रीळ काढली, तर त्यांनी ती परत पिशवीत टाकायला लावली.

"रीळ अडकते जी. असं करा." त्यांनी तंगूस घमेल्यात सैल वेटोळ्यांनी घातला, भाकरीवर तिखट भुरभुरावं इतक्या हलक्या हातानं. टोकाला शिसं बांधलं. मग सदऱ्याखालून गुलेल काढली. धावड्याचं बेचकं, काळं गुळगुळीत झालेलं, रबर तेवढं नवं.

कहूच्या शेंड्याजवळ एक कावळा बसला होता.

पहिली गोळी सुटली. सळसळ करत तंगूस घमेल्यातून उठला, आणि शिसं झाडाच्या अलीकडं पाण्यात पडलं. कावळ्यानं मान तिरपी करून खाली पाहिलं. हलला नाही.

दुलीचंदभाऊंनी तंगूस ओढून परत घातला. दुसरी गोळी पोचली, पण खालच्याच एका फांदीत अडकली. ओढता ओढता गाठीपाशी तुटली, शिसं झाडावरच राहिलं. कावळा तिथंच. साडेआठ वाजत आले होते. मी घड्याळ पाहिलं आणि लगेच लपवलं, कारण मला स्वतःची लाज वाटली.

"मामा, मी पाहू का?" चंद्रकुमारनं हळूच विचारलं. वाईट हेतूनं नव्हे.

दुलीचंदभाऊ तुटलेला तंगूस ओढून घेत होते. ओढता ओढता ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेत असावेत. ते मोजत होते. बोटांपासून कोपरापर्यंत एक हात, असे हात.

"अठ्ठावीस," ते म्हणाले, आणि एकदम ताठ झाले. "अठ्ठावीस हात! डोळा मले वीस सांगून राहिला."

"म्हणजे?"

"म्हंजे नवा डोळा साफ दाखवते जी मॅडम. पान न् पान दाखवते. म्हनून झाड जवळ वाटून राहिलं. मी जवळच्यासाठी ओढून राहिलो, काऊन लागन?" त्यांचा आवाज चढला. "नेम नाई गेला, चंद्रकुमार. अंतर गेलं होतं. अंतर तं हातात हाये माह्या."

मला उडी मारावीशी वाटली. डोंगा होता म्हणून नाही मारली. शाळेत मी इतकी वर्षं 'मोजल्याशिवाय मानू नका' असं ओरडतेय, आणि त्या वाक्याचा अर्थ मला भर पाण्यात एका मासोळीवाल्यानं समजावून दिला होता.

तिसऱ्यांदा त्यांनी शिसं बांधलं. गाठ दातानं आवळली. डावा डोळा मिटला. रबर गालापर्यंत आलं, गाल ओलांडून कानापर्यंत गेलं. "वीस हा झाला," ते पुटपुटले, आणि आणखी एक मूठ ओढलं.

घमेलं भराभर रिकामं झालं. शिसं वर गेलं, उन्हात एकदा चमकलं, वरच्या जाड फांदीच्या पार गेलं, आणि पलीकडं झुडपात थपकन पडल्याचा आवाज आला. मी टाळ्या पिटत तंगुसाकडं पाहत होते. चंद्रकुमारही. दुलीचंदभाऊ मात्र कावळ्याकडं पाहत होते.

कावळा उडाला. काव काव करत पार तलावापलीकडं गेला.

पुढचं काम पटापट झालं. तंगुसामागं सुतळी, सुतळीमागं तार. मी तार कडक ताणायला निघाले तर त्यांनी थांबवलं. ताणलेलं जाळं फाटते, झाड तं वाऱ्यानं हालनारच, म्हणाले. सुतळीच्या टोकाला त्यांनी दगडाची थैली लोंबती ठेवली. झाड झुकलं की थैली वर जाई, सरळ झालं की खाली येई.

नऊला बारा मिनिटं कमी असताना मी पडवीत बॅटरीला रेडिओ जोडला. कॉल-साइन दोनदा चुकले, तिसऱ्यांदा नीट म्हटलं. खरखर. मग खरखरीतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. देहरादूनचे गृहस्थ होते. माझा आवाज घरात बसल्यासारखा येतोय, म्हणाले. "अँटेना क्या लगाया है, मैडम?"

मी आनंदानं वेडीच झाले होते. सगळं सांगितलं: तलाव, कहू, डोंगा. "और गुलेल चलाई हमारे दुलीचंद भाऊ ने," मी म्हटलं, "पहली ही गोली में पार!"

मागून पाठीवर बोट टोचलं. परवान्याशिवाय माइकवर बोलता येत नाही, हे मी त्यांना बजावून ठेवलं होतं, म्हणून दुलीचंदभाऊ तोंडानं काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्यासमोर तीन बोटं धरली.

मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. बोटं आणखी जवळ आली, पार नाकापर्यंत.

"माफ कीजिए," मी माइकमध्ये म्हटलं. "तीसरी में. दो खाली गईं."

"तो दुलीचंद जी को हमारा प्रणाम कहिए," देहरादूनहून आवाज आला. "दो चूककर तीसरी लगाना बड़ी बात है."

गाव आणि आठवडी बाजार सोडून कोणी न घेतलेलं ते नाव हजार किलोमीटरवरून फिरून पडवीत आलं. दुलीचंदभाऊंनी काळा चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, मग डोळे पुसले. "डोळ्याले पानी लागू नोको देऊ म्हटलं होतं डॉक्टरनं," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच पदर पुढं केला.

चंद्रकुमारनं विचारलं, "मामा, मंग ऐनावर यंदा कोन?"

"तू डोंगा चालव," दुलीचंदभाऊ म्हणाले.

निघताना मी अनुसयाबाईंचा निरोप घ्यायला मागच्या अंगणात गेले. त्या उकिडव्या बसून चिखल मळत होत्या. सुपात दहा-बारा गोळ्या वळून ठेवल्या होत्या. शंभर तरी लागतात, त्या म्हणाल्या, आणि वाळायला आठ दिवस.