मी पुढं, चारचाकी मागं

लेक माझा वाईट नाही, हे आधीच सांगते. वाईट असता तर सोपं होतं, भांडून मोकळी झाले असते.

आम्ही राहतो कसबा बावड्यात आणि माझी थोरली बहीण, आक्का, पेठेतल्या एका बोळात. तीन-चार किलोमीटरचं अंतर. आक्काला लकवा मारला तेव्हापासून तिची उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळलं. एक शब्द ओठावर आणायला तिला एवढा वेळ लागतो की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. घाई केली की ती गप्पच होते.

आणि मी तिच्याकडं जायची ती लेकाच्या चारचाकीतनं. दुकान सोडून यायचा बिचारा, दार उघडून बसवायचा. पण त्या बोळात चारचाकी शिरत नाही. तोंडाशीच उभी करायची, मागं रिक्षा, टेम्पो, शिव्या. दहा मिनिटं झाली की हॉर्न. आक्का "ती... ती..." करत असायची आणि मी पदर सावरत उठायची. 'ती' म्हणजे कोण, याचा विचार परतताना गाडीत करत बसायचं.

नात शिकायला पुण्याला गेली आणि तिची बॅटरीची सायकल पोर्चमध्ये धूळ खात पडली. पायडल मारलं की बॅटरी जोर लावते, चढाला कुणी मागनं ढकलावं तशी. लग्नाआधी मी सायकलवरनं शाळेला जायची, पाय काही विसरले नव्हते. सून म्हणाली, "आत्ती, चालवा की! चार्जिंगचं मी बघते." पंधरा दिवस कारखान्याच्या रस्त्याला सराव केला. जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, तोही सुनेचा. आणि एका मंगळवारी निघाले, तर लेक आडवा.

"आई, दारात चारचाकी हाय आणि तू सायकलवर फिरणार? भावकी काय म्हणंल?"

"म्हातारीचं डोकं फिरलंय म्हणून सांग."

"आणि पडलीस म्हंजे?"

"पडले तर उठीन की!"

तो बाजूला झाला. मला वाटलं, जिंकले.

फाटकातनं बाहेर पडले आणि मागं इंजिन सुरू झालं. चारही दिवे लुकलुकवत लेक माझ्या मागं. मी जेवढी सावकाश, तेवढाच तो सावकाश, आणि त्याच्या मागं अख्खा रस्ता. एक दूधवाला कॅन खडखडवत शेजारनं गेला, "ओ पावणं, वरात कुणाची म्हणायची?" जरा जोरात पायडल मारावं तर मागनं हाक, "आई, हळू!" गाडीत बसत होते तेव्हा निदान लोकांत आणि माझ्यात काच तरी होती.

बोळात मात्र सायकल सुळकन शिरली. मला त्या ड्रेसात बघून आक्का इतकी हसली की तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी तिच्या केसांना तेल लावायला बसले. हात फिरला तशी ती बोलायला लागली.

"ती... आपली... आई..."

मी हात थांबवला नाही, तोंड उघडलं नाही.

"आईनं... मला..."

बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मग दुसऱ्या कुणाचा, मग पाच-सहा.

"वाजू दे आक्का. तू बोल."

पण आक्कानं तोंड मिटून घेतलं. डाव्या हातानं मलाच खूण केली, जा, पोरगं खोळंबलंय.

तेलकट हातानं बाहेर आले. लेक घामाघूम, चौघं त्याच्यावर ओरडतायत. मी म्हटलं, "तू घरी जा. मी येते माझी."

"तुला काय झालं तर मी कुणाकडं बघू, आई?" आवाज कापत होता त्याचा. बाप गेला तेव्हा कापला होता, तसाच.

सायकल काढली. मी पुढं, तो मागं.

आता रोज सकाळी दुकानाला जाताना तो विचारतो, "आई, आज जायचंय का मावशीकडं?"

जायचं असतंच. पण त्याला चोरून जायला मन धजत नाही, आणि तो मागं असला की आक्काला बोलतं करायचं आणि अर्ध्यात उठायचं, हे आता मला होत नाही.

"नको," म्हणते मी, "राहू दे आज."